राहणार करंजोशी

लालासाहेबांनी ओढ्याच्या काठावर बसून पायताण काढलं, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि कोटाच्या खिशातला लखोटा काढून टोपीखाली ठेवला. पाणी गुडघाभरच होतं, लखोटा खिशात राहिला असता तरी भिजला नसता. पण कागद म्हटला की लालासाहेबांचा जीव टांगणीला लागायचा. बोर्डिंगात पावसाचं पाणी शिरून पोरांची अंथरुणं भिजली तर ते म्हणायचे, उन्हात टाका, वाळतील. रजिस्टरावर एक थेंब पडला तर मात्र आठवडाभर तेच पुराण चालायचं.

ओढ्याच्या अलीकडं करंजोशी बुद्रुक, पलीकडं करंजोशी खुर्द. गेल्या दिवाळीला अजून हा ओढा म्हणजे सरहद्द होती. बुद्रुक सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजांच्या खालसा मुलखातलं, आणि खुर्द सांगली संस्थानातलं. म्हशी दोन्हीकडच्या एकाच डोहात डुंबायच्या, पोरी इकडच्या तिकडं द्यायच्या, पण सारा भरायची वेळ आली की एक गाव साताऱ्याकडं तोंड करायचं आणि दुसरं सांगलीकडं. यंदा मार्च महिन्यात संस्थान विलीन झालं आणि दोन्ही गावं एकाच सरकारची झाली. ओढा होता तसाच वाहत होता.

पलीकडं पोचल्यावर लालासाहेबांनी लखोटा पुन्हा कोटाच्या खिशात ठेवला. तो फौजेच्या ऑफिसातून आला होता. शिपाई आकाराम नाथाजी बाबर, राहणार करंजोशी बुद्रुक, हा मे महिन्यात काश्मीरच्या आघाडीवर कामी आला, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. पत्र आधी बुद्रुकच्या पाटलाकडं गेलं होतं. पाटलानं गावचं दप्तर पाहिलं आणि ‘सदर इसम या गावचा नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं. भरतीच्या वेळी पोरानं आपण अमुक बोर्डिंगात शिकलो असं सांगितलं होतं, म्हणून पाच महिन्यांनी ते फिरत फिरत बोर्डिंगच्या सुपरिंटेंडंटांकडं, म्हणजे लालासाहेबांकडं, आलं. मयताच्या वारसांचा ठावठिकाणा आपणांस माहीत असल्यास कळवावा.

पाटलाला ओढ्यापलीकडचा आकाराम माहीत नव्हता असं थोडंच होतं? लालासाहेबांना त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पाटलानं लिहिलं ते खरंच होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः तरी दुसरं काय केलं होतं?

बोर्डिंग पंचक्रोशीनं काढलेलं होतं. तालुक्याच्या गावी हायस्कूल होतं, पण खेड्यातल्या पोरांना राहायला जागा नव्हती. तेव्हा चार शहाण्या माणसांनी एक मंडळी स्थापन केली, पडक्या गोदामावर पत्रे घातले आणि लालासाहेबांना तिथं आणून बसवलं. सुगीला प्रत्येक घरातून पायली-दोन पायली ज्वारी यायची. ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी यायची. कुठली ज्वारी कुठल्या राज्यातली हे भाकरी खाताना कुणाला कळायचं कारण नव्हतं. खुर्दची रंगूबाई नवरा गेल्यावरही दर साली दोन पायल्या घालायची, आणि तिचा आकाराम बोर्डिंगात होता.

मग लढाईची महागाई आली. सरकारनं लेव्ही लावली, गावोगावचं धान्य उचललं, आणि ज्यांच्या घरातच भाकरीची पंचाईत ते बोर्डिंगला काय देणार? पोरं एका वेळच्या जेवणावर आली. शेवटी मंडळीचे अध्यक्ष जिनदत्त अण्णा साताऱ्याला चार खेपा घालून आले. अण्णांचं पेठेत भुसार मालाचं दुकान होतं, आणि महिन्याला एक पोतं ते स्वतःच्या पदरचं घालत होते. सरकारी ग्रँट मिळेल, असं त्यांनी येऊन सांगितलं. तिच्याबरोबर रेशनचं धान्यही मिळणार होतं. अट एकच होती. मुलं सातारा जिल्ह्यातलीच हवीत, आणि रजिस्टरात ज्याचं नाव नाही त्याला बोर्डिंगात ठेवता येणार नाही.

तपासणीला इन्स्पेक्टर आले तो दिवस लालासाहेबांना जसाच्या तसा आठवत होता. माणूस वयस्कर होता, सोसलेला होता. त्यांनी लालासाहेबांच्या अक्षराची तारीफ केली. एकेक नाव वाचत ते एकेचाळिसाव्या नावावर आले आणि थांबले.

“राहणार करंजोशी. एवढंच लिहिलंय. बुद्रुक की खुर्द?”

लालासाहेबांनी वाकून रजिस्टरात पाहिलं. ही चूक त्यांच्या रजिस्टरात राहिलीच कशी, याची त्यांना त्या क्षणी लाज वाटत होती. दुसरं काही मनात नव्हतं.

इन्स्पेक्टरांनी टाक दौतीत बुडवला आणि वर न बघता म्हणाले, “बुद्रुकच असणार. नाही का?”

“व्हय सायेब, बुद्रुकच,” जिनदत्त अण्णा म्हणाले.

“नाही,” लालासाहेब म्हणाले. “खुर्द.”

इन्स्पेक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मग पुढं ‘खुर्द’ लिहून त्या नावावर एक बारीक रेघ मारली.

त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आकारामच दारात उभा होता. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि कुणी काही सांगायच्या आत वळकटी बांधायला गेला. चाळीस पोरांची ग्रँट मंजूर झाली. एकाचं खोटं उघडं पडलं असतं तर चाळीसही गेले असते. हे खरं होतं, आणि लालासाहेब ते स्वतःला चार वर्षं सांगत आले होते. संध्याकाळी जिनदत्त अण्णा त्यांना एवढंच म्हणाले होते, “मास्तर, त्या मानसानं दार उगडून धरलं होतं. तुमी जाऊन लावून आलासा.”

तीन महिन्यांनी पोरगं बेळगावला जाऊन फौजेत भरती झाल्याचं कानावर आलं. पंधराचं वय अठरा सांगितलं असणार. गाव बुद्रुक सांगितलं होतं, ते मात्र या लखोट्यातूनच कळलं.

रंगूबाई अंगणात बसली होती. भुईमुगाचे वेल उपटून आणून ढीग घातला होता, आणि ती एकेक वेल उचलून शेंगा तोडत होती. शेंगा पाटीत, वेल मागं वैरणीत. शेजारी तिची मुलगी अंजना तेच करत होती. अंजना तेरा-चौदा वर्षांची होती.

“आवं मास्तर,” रंगूबाई म्हणाली, “आज हिकडं कुनीकडं? अंजे, घोंगडं टाक. पानी आन.”

लालासाहेब बसले. पाणी प्याले. पुन्हा एकदा प्याले.

“शेंगा बऱ्या निघाल्या,” ते म्हणाले.

“बऱ्या हायत्या. दान्याला भरल्यात. जाताना न्या पाटीभर पोरास्नी.” तिचे हात चालूच होते. “आता खुर्दची पोरं बी घेता म्हनं तुमी. भामाबाईचं पोरगं हाय न्हवं तुमच्यात?”

“आहे. जूनपासून आहे.”

“बरं झालं. आमचा तेवढा चार सालं आदीच शाळंत गेला.” ती हसली. त्या हसण्यात टोचायचा हेतू नव्हता, आणि त्यामुळंच लालासाहेबांना ते सहन झालं नाही. “उन्हाळ्यापास्नं कागद न्हाई त्याचा. पैशे बी न्हाईत. तकडं डोंगरात टपाल न्हाई म्हनं. तुमास्नी आला का एकादा?”

“आलाय,” लालासाहेब म्हणाले.

अंजनाचे हात थांबले. “दादाचा?”

येताना रस्त्यानं लालासाहेबांनी चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. मग त्यांनी जे जमत होतं तेच केलं. लखोट्यातून पत्र काढलं, उघडलं आणि वाचलं. इंग्रजीचं मराठी करत, सावकाश, हजेरी घ्यावी तशा आवाजात. नंबर वाचला, पलटणीचं नाव वाचलं. नाव, बापाचं नाव, गाव. मग तारीख. मग ते दोन शब्द, ‘कामी आला’. पुढं सरकारला दुःख होत असल्याचं एक वाक्य होतं, तेही वाचलं. वाचून झाल्यावर घडी घातली आणि कागद मांडीवर धरून बसले. आपण किती वाईट वाचलं हे त्यांना कळत होतं.

अंजनानं गुडघ्यांत डोकं घातलं. तिचे खांदे हलायला लागले.

रंगूबाई शेंगा तोडत होती. तिनं एक वेल उचलला, शेंगा तोडल्या आणि मागं वैरणीत टाकल्या. वेल पाटीत ठेवला. दुसरा उचलला. त्याच्याही शेंगा वैरणीत गेल्या.

“गाव कंचं म्हनलासा?” तिनं विचारलं.

“बुद्रुक.”

“मग त्यो आमचा न्हवं.”

लालासाहेबांनी मांडीवरच्या कागदाची घडी पुन्हा उघडली.

“आमी खुर्दचं,” रंगूबाई म्हणाली. “तुमीच सांगितलं न्हवं त्या सायबाला. पोरानं येऊन सांगितलं मला. सगळं बुद्रुक म्हनत हुतं, मास्तर तेवढं खुर्द म्हनलं. मी त्याला म्हनलं, मास्तर खरं तेच बोलतुया, त्याच्यावर राग धरू नगं. मग आता कागुद बुद्रुक म्हनतुया तर त्यो बुद्रुकचा. तकडं बी पायलीला पन्नास बाबर हायती. असंल कुनी आकाराम.”

“रंगूबाई, भरती होताना त्यानंच बुद्रुक सांगितलं होतं.”

“का सांगंल? आई खुर्दात, घर खुर्दात.”

“माझ्यामुळं,” लालासाहेब म्हणाले. चार वर्षांत हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. “खुर्द म्हटलं की ठेवून घेत नाहीत, असं त्याला वाटलं असणार. ते तो माझ्यापासूनच शिकला.”

रंगूबाईनं हातातला वेल खाली ठेवला. परड्यात बांधलेली शेळी ओरडत होती, तिच्याकडं ती पाहत राहिली.

बोलायचं अजून राहिलंच होतं. लालासाहेबांनी बरोबर आणलेल्या पिशवीतून अर्ज काढला. त्यांनीच तो काल संध्याकाळी बसून लिहिला होता. मयत शिपायाचं गाव नजरचुकीनं बुद्रुक लागलं असून ते खुर्द असं वाचावं, त्याची आई हयात आहे, तिला पेन्शन मिळावी. सोबत बोर्डिंगच्या रजिस्टराचा उतारा जोडला होता. आकाराम नाथाजी हा करंजोशी खुर्दच्या रंगूबाईचा मुलगा, असं सांगणारा सरकारला चालेल असा तेवढाच एक कागद होता. ज्या ओळीवर रेघ मारली होती तीच ओळ.

“ह्याच्यावर तुमचा अंगठा लागेल,” ते म्हणाले. “मग पुढचं सगळं मी बघतो. साताऱ्याला मी जाईन. तुम्हाला कुठं जायला नको.”

“आन न्हाई दिला तर?”

“तर सरकारदरबारी तो कुणाचाच नाही. बुद्रुकवाले आमचा नाही म्हणून बसलेत.”

“दिला तर त्यो खुर्दचा,” रंगूबाई म्हणाली. “माझा.”

“होय.”

“माझा, आन मेल्याला.”

अंजना आता मोठ्यानं रडत होती, आणि तिला गप्प करायला कुणी जात नव्हतं. शेजारच्या घरातून एक म्हातारी दारापर्यंत आली, या तिघांकडं बघितलं आणि काय ते समजून उंबऱ्यातच बसली.

बऱ्याच वेळानं रंगूबाई उठली. रांजणापाशी जाऊन तिनं हात धुतले, नखांतली माती काढली, पुन्हा धुतले. पदराला पुसत आली आणि लालासाहेबांच्या समोर बसली.

“आदी एक कागुद लिवा,” ती म्हणाली.

“कसला?”

“आकाराम नाथाजी बाबर, ऱ्हानार करंजोशी खुर्द. ह्याला बोर्डिंगात ठिवून घेतला. असं लिवा.”

“रंगूबाई, आता त्याचा काही…”

“लिवा की. तुमचं अक्षर लय चांगलं हाय म्हनायचा त्यो.”

लालासाहेबांनी पिशवीतून कोरा कागद काढला. टाक आणि दौत त्यांनी अर्जासाठी आणलीच होती. पाट मागवला, पाटावर कागद ठेवला, चारी बाजूंनी सरळ केला. बोर्डिंगचं नाव वर मध्यभागी लिहिलं, जसं ते नेहमी लिहीत. मग ती ओळ लिहिली. ‘खुर्द’ हा शब्द लिहिताना त्यांनी टाक पुन्हा बुडवला.

“तारीख कुठली घालू?” त्यांनी विचारलं. “आजची?”

“तवाची. सायेब आल्ता त्या दिसाची.”

लालासाहेबांनी आयुष्यात कधी मागची तारीख घातली नव्हती. एकदा जिनदत्त अण्णांनी पावतीवर दोन दिवस मागची तारीख घालायला सांगितली होती, तर ते दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांनी दौतीचं झाकण काढलेलं होतं, ते एकदा लावलं आणि पुन्हा काढलं. १७ नोव्हेंबर १९४४, त्यांनी लिहिलं, आणि खाली सही केली. सुपरिंटेंडंट.

“शिक्का बोर्डिंगात राहिलाय,” ते म्हणाले. “उद्या येऊन मारून देतो.”

ते आपण खरंच येणार असल्यासारखं बोलले, आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच आले.

“अंजे, वाच.”

अंजना चौथीपर्यंत शिकली होती. तिनं परकराला डोळे पुसले आणि कागद दोन्ही हातांत धरला. तिला जोडाक्षरं जड जायची. बोर्डिंगचं नाव वाचायलाच तिला वेळ लागला. मग तिनं भावाचं नाव वाचलं, आणि त्याच्यापुढचं राहणार, आणि थांबली.

“म्होरं?”

“करंजोशी खुर्द,” अंजनानं वाचलं. “यास आज रोजी बोर्डिंगमध्ये ठेवून घेतले असे.”

“परत एकदा वाच.”

अंजनानं परत वाचलं. या वेळी ती अडखळली नाही. रंगूबाईनं कागद तिच्या हातून घेतला, शाई वाळली का ते बोट न लावता वाकून पाहिलं, घडी घातली आणि कमरेला खोचला. उंबऱ्यातली म्हातारी उठून अंगणात आली आणि तिच्या पाठीला टेकून बसली.

“आता आना तुमचा त्यो,” रंगूबाई म्हणाली.

लालासाहेबांनी अर्ज पाटावर ठेवला. नाव कुठं आहे ते तिला दाखवलं, गाव कुठं आहे तेही दाखवलं. तिनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

“डावा का उजवा?”

“डावा,” लालासाहेब म्हणाले.